वय विचारणारे पुस्तक

इंग्रजीत एक लहानसे पुस्तक आहे. ते वाचून जितकी माणसे गणिताच्या नादी लागली असतील, तितकीच ते वाचून गणितापासून लांबही गेली असतील, असे मला वाटते. केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी यांचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे ते पुस्तक. १९४० साली ते निघाले तेव्हा हार्डी साठी उलटून गेलेले होते, आणि गणित हा तरुणांचा खेळ आहे असे त्यांनी त्यात स्वच्छ सांगून टाकले आहे. दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या शेजारी, असल्या पुस्तकाची चिकित्सा करायला बसणे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण पुस्तक गणिताचे असले तरी ते वाङ्मय आहे, आणि वाङ्मयाबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला असतो, असे मी धरून चालते.

ते मी का वाचले, हे आधी सांगायला हवे. मी साताऱ्याला एका शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी, आणि त्यावर चित्रशिक्षकाची पदविका. वय पंचेचाळीस. गेली दोन वर्षे गणित पहिल्यापासून नीट शिकावे असे मनात घोळते आहे. नीट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला गणित घ्यावे, जमले तर मुक्त विद्यापीठातून पुढे जावे, आणि त्यासाठी रोजचे दोन तास काढून ठेवावेत. हे दोन तास कुठून यायचे ते उघड आहे. स्वयंपाकाचे आणि शाळेचे तास हलत नाहीत. हलतात ते लिहिण्याचे. एक कादंबरी अर्धी पडली आहे, ती आणखी लांबणार. आणि एवढे करून डोके चालेल की नाही, ही शंका पहाटेच्या चहापासून सोबत असते. सांगलीला मामेबहिणीकडे गेले असताना हा विषय निघाला. तिचे यजमान कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. भाऊजींनी कपाटातून हे पुस्तक काढले आणि माझ्या हातात देत म्हणाले, “ताई, आधी हे वाचा. मग फॉर्मचं बघू.”

शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. पुस्तक उघडताच पाणउतारा होतो. गणितज्ञाचे काम गणित निर्माण करणे. गणिताविषयी लिहीत बसण्याची वेळ येणे हीच दुःखाची गोष्ट. स्पष्टीकरण, समीक्षा, रसग्रहण ही दुय्यम बुद्धीच्या माणसांची कामे, असे हार्डी सुरुवातीलाच सांगतात. मी शिक्षिकाही आहे आणि हे परीक्षणही लिहिते आहे, तेव्हा दोन्हीकडून माझी सोय झाली. पण राग येत नाही, कारण गृहस्थ लिहितात फार सुरेख. छोटी, कोरडी, धारदार वाक्ये. नम्रतेचा आव नाही. गणिती हाही चित्रकारासारखा आणि कवीसारखा आकृतिबंध रचणाराच असतो, फक्त त्याची सामग्री कल्पनांची असते, हा त्यांचा विचार तर चित्रकलेच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

मग येतो वयाचा मुद्दा. गाल्वा एकविसाव्या वर्षी गेला, आबेल सत्ताविसाव्या, रामानुजन तेहेतिसाव्या, रीमान चाळिसाव्या, अशी यादी ते देतात. ही यादी वाचताना मन दबून जाते. पण दुसऱ्यांदा वाचली की लक्षात येते की ती वयाविषयी काहीच सिद्ध करीत नाही. एक जण द्वंद्वयुद्धात मेला, बाकीचे आजारपणाने. माणसे लवकर मेली म्हणून प्रतिभाही लवकरच मरते असे होत नाही. हार्डींची बाजू मांडायची तर एवढे सांगितले पाहिजे की त्यांचा आधार एवढाच नाही. पन्नाशीनंतर एखाद्याने गणितात मोठी नवी वाट काढल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असेही ते म्हणतात, आणि त्यांच्यासारख्या जाणकाराचा हा शब्द हलका नव्हे. तरी काळाने तो थोडा खोटा पाडलाच. २०१३ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात व्याख्याता असलेल्या यितांग झांग यांनी मूळ संख्यांच्या जोड्यांविषयी एक सिद्धांत मांडून सगळ्यांना चकित केले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडून कितीतरी वर्षे झाली होती. अर्थात झांग यांचा दाखला माझ्या कामाचा नाही. त्यांनी जन्मभर गणितच केले होते. मी जन्मभर पेन्सिलींना टोके काढली.

मला या पुस्तकाविषयी खरे सांगायचे आहे ते निराळेच. हे पुस्तक सल्ल्याचे नाही, विलापाचे आहे. १९३९ मध्ये हार्डींना हृदयविकाराचा झटका आला होता. आपली निर्मितीची शक्ती संपली आहे हे त्यांना कळून चुकले होते, आणि ते त्यांनी लपवलेलेही नाही. कादंबरीत प्रथमपुरुषी निवेदक असतो तेव्हा वाचक एक गोष्ट आपोआप करतो: कोण बोलतो आहे, कुठल्या दुखण्यातून बोलतो आहे, हे पाहून त्याच्या शब्दांना किती वजन द्यायचे ते ठरवतो. शास्त्रज्ञाने लिहिले की मात्र आपण ही खबरदारी सोडून देतो आणि त्याच्या दुःखालाही नियम समजतो. ‘तरुणांचा खेळ’ हे वाक्य मैदानातून परत आलेल्या खेळाडूचे आहे. ज्याने मैदान पाहिलेलेच नाही त्याने त्यावरून घरी बसायचे ठरवणे हे पुस्तकाचे चुकीचे वाचन होय.

पण मराठी माणसाला हे वाचन सोपे जाते, कारण आपल्याकडे जमीन आधीच तयार होती. ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्राने पदवीसारखा वापरला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, त्याचे कौतुक पिढ्यानपिढ्या चालले. रँग्लर ग. स. महाजनी तर साताऱ्याचेच. जुन्या घरांतून मुलांना गणित येईना की या नावांचा दाखला मिळायचा. त्यातून एक समजूत पक्की झाली की गणित म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे पहिला नंबर, आणि तो विशीच्या आत नाही आला तर पुढे येत नाही. गंमत अशी की परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ साली, हार्डी त्याच परीक्षेत चौथे आले होते, आणि पुढे त्या परीक्षेचे स्वरूप बदलावे म्हणून त्यांनी हिरिरीने खटपट केली. गुणानुक्रमे नावे जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर केंब्रिजने बंद केली. आपण मात्र पहिल्या नंबरचा धाक अजून घरोघर बाळगून आहोत.

आता मी पुस्तकातल्या त्या जागेकडे येते, जिथे हार्डींशी माझे खरे भांडण झाले आणि जिथे शेवटी त्यांचे निम्मे मलाच कबूल करावे लागले. गंभीर गणित कोणते आणि नुसती गंमत कोणती, हे सांगताना त्यांनी दोन उदाहरणे दिली आहेत. चार आकडी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत की त्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असतात: २१७८ ची चौपट ८७१२, आणि १०८९ ची नऊपट ९८०१. दुसरे उदाहरण १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ यांचे. त्यांच्या अंकांचे घन करून मिळवले की तीच संख्या परत येते. ही माहिती वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला शोभेल, गणितज्ञाला तिच्यात काही नाही, असा त्यांचा निकाल आहे.

हे वाचताना मला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवणे अपरिहार्य होते. डहाणूला १९०५ साली जन्म, फर्ग्युसन कॉलेजातून बी. एस्सी., आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. १९२७ मध्ये मिळालेले त्यांचे पारितोषिकही रँग्लर परांजप्यांच्याच नावाचे. पदव्युत्तर शिक्षण नाही. पुष्कळसे लेखन पदरमोड करून काढलेल्या पुस्तिकांतून. त्यांचा ६१७४ चा शोध १९४९ चा आहे, म्हणजे तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. जवळजवळ माझ्याच वयाचे.

हा शोध वाचकांनी स्वतः करून पाहण्यासारखा आहे. चार आकडी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करावी. जे येईल त्याचे पुन्हा तसेच. जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ येते आणि मग तिथेच राहते. मी संख्या घेतली १९१९. त्या एकाच वर्षी आमच्या जिल्ह्यात काले गावी कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सांगलीला विलिंग्डन कॉलेज सुरू झाले, म्हणून. ९९११ मधून ११९९ वजा केले. उत्तर आले ८७१२.

मी पेन्सिल खाली ठेवली. हार्डींनी कोड्यांच्या सदरात हाकलून दिलेली ती संख्या पहिल्याच पायरीवर उभी होती. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या खेपेला ६१७४.

योगायोगाला अर्थ नसतो हे मी जाणते. तरी आणखी एक सांगते. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. रामानुजन इस्पितळात असताना हार्डी त्यांना भेटायला गेले आणि आपल्या टॅक्सीचा नंबर १७२९ अगदी नीरस होता असे म्हणाले. त्यावर रामानुजन यांनी सांगितले की दोन निरनिराळ्या प्रकारे दोन घनांची बेरीज म्हणून लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. १७२९ च्या अंकांची बेरीज करा: १९. आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. तीही हर्षदच निघाली, वर गुणक-गुण्य एकमेकांचे उलटे. ६१७४ सुद्धा हर्षद आहे. अठराने भागले की ३४३ येतात, म्हणजे साताचा घन.

इतका आनंद झाल्यावर हार्डींना सोडून द्यावेसे वाटते, पण समीक्षकाला तसे करता येत नाही. त्यांचा आक्षेप असा की असल्या गोष्टींत व्यापकता नाही आणि खोली नाही. तपासून पाहिले. ६१७४ चे अस्तित्व आपण दहाच्या पटीत मोजतो यावर अवलंबून आहे. मोजणी बदलली की ते जाते. दोन आकडी संख्यांना असा मुक्काम नाही, त्या ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच आकडी संख्यांनाही एक मुक्काम नाही. म्हणजे एका घरात लागणारा दिवा शेजारच्या घरात लागत नाही. युक्लिडने मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवले त्याच्या शेजारी ६१७४ ठेवता येणार नाही, हे हार्डींचे म्हणणे मला मान्य करावे लागते. आपल्याकडे कापरेकरांवर जे लिहिले जाते त्यात ही गोष्ट कोणी बोलत नाही. ‘उपेक्षित प्रतिभावंत’ असा हार घालून लेख संपतो, आणि पुष्कळदा लेखकाने एकही वजाबाकी केलेली नसते. मास्तरांवर हा अन्यायच आहे. त्यांना हळहळ नको असावी, हिशेब हवा असावा.

मात्र कोड्यांच्या सदराविषयी हार्डी चुकले. मार्टिन गार्डनर यांचे ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातले सदर करमणुकीच्या गणिताचेच होते. मार्च १९७५ मध्ये त्यांनी कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगात गेले. त्याच वर्षीच्या जुलैत त्याच सदरात पंचकोनांचा विषय आला: एकाच आकाराच्या बहिर्वक्र पंचकोनी फरश्यांनी, मध्ये फट न ठेवता, सगळी जमीन किती प्रकारांनी झाकता येईल? कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या मार्जरी राइस या गृहिणीने ते वाचले. वय बावन्न, गणित शाळेपुरते. मुलासाठी घरी मासिक येत असे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून, खुणांची स्वतःची लिपी बनवून, दोन वर्षांत तिने चार नवे प्रकार शोधून काढले, आणि ते खरे असल्याचे डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ बाईंनी तपासून सांगितले. एकूण प्रकार पंधराच आहेत हे संगणकाच्या साहाय्याने २०१७ साली दाखवण्यात आले; त्यांतले चार त्या ओट्यावरचे. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हा प्रश्न समजायला फार वेळ लागत नाही. षटकोन बसतो, चौकोन बसतो, नियमित पंचकोन मात्र बसत नाही, हे बोटांना माहीत असते.

पण राइसबाईंचे उदाहरण मला जितके आवडते तितके ते मी दूर ठेवते. चाळिशी उलटलेल्या माणसाने अशा गोष्टी उशाला घेऊन झोपू नये. त्यातही हार्डींचीच कसोटी लपलेली असते: तिने शोध लावला म्हणून तिचे गणित खरे. मग ज्याच्या हातून शोध लागणार नाही त्याचे काय?

या प्रश्नाला उत्तर मला एका फार जुन्या पुस्तकात सापडले. ११५० साली, छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी लिहिलेली ‘लीलावती’. ना. ह. फडके यांच्या ‘लीलावती पुनर्दर्शन’मुळे ती मराठीतून वाचता येते. हार्डींच्या पुस्तकात एकच माणूस बोलतो आणि बहुतेक स्वतःशीच. लीलावतीत सारखी कोणाला तरी हाक आहे. कुठे बाले, कुठे मित्रा, कुठे गणका. आणि तुला गुणाकार समजला असेल तर हे सांग पाहू, अशा चालीचा प्रश्न. वाऱ्याने मोडलेला बत्तीस हातांचा वेळू, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकले आहे. तर मोडला कुठे? बारा हातांवर. पाण्यावर अर्धा हात डोकावणारे कमळ वाऱ्याने दोन हात सरकून बुडते. तर पाणी किती खोल? पावणेचार हात. कासच्या वरच्या अंगाला कुमुदिनी तलावाच्या काठी मी मुलांना चित्रे काढायला नेले आहे, पण देठाची लांबी आणि पाण्याची खोली यांत काटकोन त्रिकोण दडलेला असतो हे तिथे कधी डोळ्यांना दिसले नाही. या पुस्तकात शिकणाऱ्याला एकच अट आहे: मागचे समजले असेल तर पुढचे कर.

लीलावतीची ती कहाणी मात्र मला पटत नाही. घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त टळला, मुलगी दुर्दैवी ठरली, आणि तिच्या समाधानासाठी बापाने ग्रंथ लिहिला. ही कथा फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. बाई गणित शिकते म्हटल्यावर तिच्या मागे काहीतरी दुःख असलेच पाहिजे, असे लोकांना का वाटावे? मला कोणी विचारले तर माझ्याकडे दाखवायला असे दुःख नाही. घरी सगळे ठीक आहे. मला फक्त समजून घ्यायचे आहे.

मिरजेला तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. भोपळा, लाकूड, तारा हे सगळे झाल्यावर घोडीवर जवारी लावताना त्यांचा कान जे ऐकतो, ते मैफलीत मागे बसून आपल्याला ऐकू येत नाही. तू नवा राग बांधणार आहेस काय, असे त्या कारागिराला कोणी विचारीत नाही. आणि त्याचे ऐकणे हौसेचे आहे असेही कोणी म्हणत नाही. हार्डींचा ‘गंभीर’ हा शब्द सिद्धांताला लावायचा आहे. तो शिकणाऱ्याला लावायचा तर त्याची कसोटी निराळी घ्यावी लागेल.

ती कसोटी मी हार्डींच्याच पुस्तकावर लावून पाहिली. सामान्य वाचकासाठी त्यांनी दोन सिद्धता दिल्या आहेत, त्यांतली एक अशी की दोनाचे वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही. लिहिता येते असे धरा, आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त करून घ्या. वरच्याचा वर्ग खालच्याच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून वरचा सम. मग तो कशाची तरी दुप्पट, म्हणून खालचाही सम. दोन्ही सम असतील तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त कसला? मला हे पाठ व्हायला दहा मिनिटे लागली आणि समजायला चार दिवस. चौथ्या दिवशी वर्गात कागद वाटताना ते समजले. ए-फोरचा कागद मधोमध घडी घातली तरी त्याचा आकार तसाच राहतो, कारण त्याची लांबी रुंदीच्या दोनाच्या वर्गमूळपट धरली आहे. कारखान्यात तो २९७ मिलिमीटर लांब आणि २१० रुंद कापतात. हा अपूर्णांक फार जवळ जातो, पण पोचत नाही. आणि कोणताही कारखाना पोचणार नाही, हे मला आता कोणावर विश्वास न ठेवता ठाऊक आहे. (जाता जाता: २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून पुन्हा २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. हार्डींनी इथेही कपाळाला आठ्या घातल्या असत्या.)

पुस्तक परत करायला सांगलीला गेले तेव्हा भाऊजींनी विचारले, “मग, काय म्हणतात हार्डी?” मी म्हटले, “ते नाही म्हणतात, पण मला नाही म्हणत नाहीत.” त्यांनी अकरावी-बारावीची जुनी पुस्तके काढून ठेवलेलीच होती. फॉर्म मी यंदा भरते आहे. कादंबरी थांबेल.

तीन आकडी संख्यांचा मुक्काम ४९५ आहे. हे मी कुठेतरी वाचले होते, पण का, ते वाचले नव्हते. मोठी-लहान मांडून वजा केली की उत्तर नेहमी पहिल्या आणि शेवटच्या अंकांच्या फरकाच्या नव्व्याण्णवपट येते, मधला अंक काहीही असो. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर नऊच संख्या उरतात: ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. त्या नऊही मी एकेक करून पाहिल्या (९९ ला ०९९ लिहून), आणि सगळ्या ४९५ ला येऊन मिळाल्या. यात काही मोठे नाही. चार आकड्यांना दोन फरक लागतात: टोकांच्या अंकांच्या फरकाची ९९९ पट आणि मधल्या अंकांच्या फरकाची ९० पट, यांची बेरीज. त्यांच्या जोड्या बऱ्याच होतात. ड्रॉइंगच्या कागदावर चौकटी आखून मी त्या भरायला घेतल्या आहेत. टोकांचा फरक पाच येईपर्यंतच्या झाल्या, सहापासूनच्या बाकी आहेत.